जीर्णोद्धार कशाला म्हणावे?
इंग्लंडमधील एका खेड्याच्या देवळाची हकीकत

(मंदिराच्या जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जीर्णोद्धार हा शब्द सध्या गावात प्रत्येकाच्या तोंडी आहे. पावतीपुस्तकावर तो आहे, प्रवेशद्वाराच्या कमानीवर आहे आणि या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावरही आहे. जीर्ण झाले त्याचा उद्धार, असा त्याचा सरळ अर्थ. जीर्ण झाले ते काढून टाकणे, असा अर्थ त्यात कोठेही नाही. तरीसुद्धा काम सुरू झाले म्हणजे उद्धार कोठे संपतो आणि मोडतोड कोठे सुरू होते, हे सांगणे कठीण जाते. हा पेच आपल्याकडेच पडतो असे नाही. इंग्लंडातील खेड्यापाड्यांतील देवळांसमोर तो दीडशे वर्षांपूर्वी मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता. त्यातील इंगलशॅम नावाच्या एका लहानशा गावाचे चर्च कसे वाचले, याची हकीकत आज जीर्णोद्धाराच्या मांडवात सांगण्याजोगी आहे.

चर्चला देऊळ म्हटलेले काहींना खटकेल. पण वसई भागातील ख्रिस्ती मंडळी आपल्या चर्चला देऊळच म्हणतात, आणि त्या देवळाच्या हद्दीतील वस्तीला धर्मग्राम. तेच शब्द येथे घेतले म्हणजे विषय परका वाटणार नाही.

मध्ययुगात, म्हणजे सुमारे हजार ते पाचशे वर्षांपूर्वीच्या काळात, इंग्लंडची सारी भूमी अशा धर्मग्रामांत वाटली गेली होती. प्रत्येक धर्मग्रामाला एक देऊळ. जन्मल्यावर बाप्तिस्मा तेथे, लग्न तेथे, आणि मेल्यावर माती त्याच्याच आवारात. लग्नाचा पहिला विधी बहुधा देवळाच्या दाराशी, म्हणजे देवडीत होई. गावचे व्यवहार आणि करारमदारही पुष्कळदा त्याच देवडीत ठरत. देवळाची मांडणी आपल्याला ओळखीची वाटेल अशीच असे. पूर्वेच्या टोकाला वेदी आणि धर्मगुरूंची जागा, ज्याला चॅन्सल म्हणतात, तो त्यांचा गाभारा. त्याच्या पश्चिमेला लोकांनी उभे राहण्याचे दालन, ज्याला नेव्ह म्हणतात, तो त्यांचा सभामंडप. दोहोंच्या मध्ये कोरीव लाकडाचा जाळीदार पडदा.

खर्चाची वाटणीही याच मांडणीप्रमाणे होती. गाभाऱ्याची दुरुस्ती धर्मगुरूने, किंवा ज्याच्याकडे त्या गावच्या धान्याचा दशमांश जाई त्याने करावयाची. सभामंडपाची दुरुस्ती मात्र गावाने करावयाची. हा नियम तेराव्या शतकापासून रूढ होता. त्यामुळे छप्पर गळू लागले की पैसे कोठून आणायचे, हा प्रश्न त्या शेतकऱ्यांपुढेही उभा राहत असे. गावकरी दरवर्षी बहुधा दोन माणसे निवडीत. त्यांना चर्चवॉर्डन म्हणत, म्हणजे देवळाचे पंचच. जमाखर्च त्यांनी ठेवावयाचा आणि वर्षाअखेरीस सर्वांसमोर वाचून दाखवावयाचा.

डेव्हन परगण्यातील मोरबाथ या अवघ्या तेहतीस कुटुंबांच्या खेड्याचा असा जमाखर्च आजही उपलब्ध आहे. तेथील धर्मगुरू ख्रिस्तोफर ट्रिकी इ. स. १५२० ते १५७४ अशी चोपन्न वर्षे त्याच गावात होते आणि हिशेबाच्या वह्या त्यांच्याच हातच्या आहेत. त्या गावाची रीत मोठी लक्षात राहण्यासारखी होती. देवळाच्या मालकीची मेंढरे असत. ती एका ठिकाणी न ठेवता गावकऱ्यांच्या कळपांत एकेक वाटून दिलेली असत. कोणत्या घरी देवाचे कोणते मेंढरू आहे, यंदा लोकर किती निघाली, कोणते मेंढरू मेले, हे सारे वहीत लिहिले जाई. त्या लोकरीच्या पैशातून वेदीसमोर मेणबत्त्या जळत. मोठी देणगी ज्याला शक्य नाही तो माणूस देवाचे मेंढरू सांभाळून आपला वाटा उचलीत असे.

याशिवाय वर्षातून एकदोनदा देवळातर्फे बिअर बनवून गावजेवण घातले जाई आणि त्यातून उरलेली रक्कम देवळाच्या कामी लागे. आपल्याकडे हा मार्ग कोणी सुचविणार नाही, हे उघडच आहे. पण भंडाऱ्याच्या निमित्ताने गाव एकत्र यावे आणि चार पैसे देवस्थानाकडे जमावेत, ही कल्पना दोन्हीकडे सारखीच आहे.

देणगीदारांची आठवण ठेवण्याची रीतही सांगितली पाहिजे. ज्यांनी देवळाला काही दिले, त्यांच्या नावांची एक यादी असे आणि ती वर्षातून एकदा सर्व गावासमोर मोठ्याने वाचली जाई. लोक त्या नावांसाठी प्रार्थना करीत. एखाद्या विधवेने दिलेले एक भांडे, कोणी दिलेले वस्त्र, हे सारे त्या यादीत येई. नाव दगडावर कोरण्याची हौसही होतीच. सफक परगण्यातील लाँग मेलफर्ड येथील कापडाच्या व्यापारावर श्रीमंत झालेल्या मंडळींनी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात देवळाची पुनर्बांधणी केली आणि बाहेरच्या भिंतींवर उंच रांगेत आपली नावे कोरून, आमच्यासाठी प्रार्थना करा अशी विनंती लिहिली. ती अक्षरे आजही वाचता येतात. परंतु लहान गावांतील बहुतेक दात्यांची नावे फक्त वाचली गेली आणि काळाबरोबर विरून गेली. त्यांनी दिलेले खांब आणि वासे मात्र टिकले.

आता इंगलशॅमकडे वळू. थेम्स नदी लंडनला पोहोचण्याच्या कितीतरी अगोदर, लेचलेड या बाजारगावाजवळ, अगदी लहान प्रवाह असते. तेथील ओलसर कुरणांच्या कडेला, विल्टशर परगण्याच्या उत्तर टोकाला, योहान बाप्तिस्ताच्या नावाचे हे देऊळ उभे आहे. त्याचे मूळ नॉर्मन राजवटीपूर्वीचे, म्हणजे सुमारे हजार वर्षांचे. आजची इमारत मुख्यतः इ. स. १२०५ च्या सुमारास बांधली गेली. आपल्याकडे देवगिरीला यादवांची सत्ता होती आणि ज्ञानेश्वरी लिहिली जाण्यास अजून पाऊणशेहून अधिक वर्षे अवकाश होता, तो हा काळ.

हे देऊळ भव्य नाही. उंच मनोरा नाही. पश्चिमेच्या भिंतीवर दोन घंटांपुरती दगडी कमान आहे, एवढेच. चर्चची घंटा महाराष्ट्राला अनोळखी नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीज चर्चमधील घंटा मराठ्यांनी आणल्या आणि मंदिरांना वाहिल्या. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर त्यांतील १७०७ सालची एक घंटा आहे आणि तिच्यावर मेरी व बाळ येशू यांची आकृती ओतलेली आहे. तीच मायलेकरांची जोडी इंगलशॅमच्या देवळात दगडात कोरलेली सापडते. ते शिल्प इमारतीपेक्षाही जुने आहे. मेरीच्या मांडीवर बाळ आहे आणि वरून देवाचा हात खाली येऊन त्या बाळाकडे निर्देश करीत आहे. शेजारी मेरीचे नाव कोरलेले आहे. पुष्कळ वर्षे हा दगड दक्षिणेकडील भिंतीत बाहेरच्या बाजूस उन्हापावसात होता आणि वेळ पाहण्यासाठी सूर्यघटिका म्हणून त्याचा उपयोग केला जात होता. विसाव्या शतकाच्या आरंभी तो आत सुरक्षित जागी आणण्यात आला. जुने शिल्प भिंतीत कोठेतरी बसविलेले असते आणि पिढ्यानुपिढ्या लोक त्याच्याजवळून जातात, ही गोष्ट कोणत्याही गावाला नवी नाही.

आवारात शिरताना एक जुना दगडी क्रूस पायऱ्यांवर उभा आहे. दक्षिणेकडील देवडीतून आत गेले की दोन्ही बाजूंना कमानींच्या रांगा, त्यांच्यापलीकडे अरुंद पडव्या आणि समोर गाभारा दिसतो. पडव्यांच्या पूर्व टोकांना पंधराव्या शतकातील लाकडी जाळीचे पडदे आहेत. मधल्या जागेत सतराव्या-अठराव्या शतकातील बाके आहेत. ही बाके म्हणजे कमरेएवढ्या लाकडी फळ्यांच्या बंदिस्त खोल्याच. प्रत्येकीला स्वतंत्र दार, आणि आत कुटुंबाने बसावयाचे. हिवाळ्यातील वारा अडविण्यासाठी ती व्यवस्था होती. त्याशेजारी प्रवचनाचे उंच आसन आणि आवाज दूरवर जावा म्हणून त्याच्या डोक्यावर लाकडी छत. त्यातील एकही वस्तू दुसरीशी जुळणारी नाही. प्रत्येक पिढीने आपल्याला हवे ते आणून ठेवले आणि आधीच्या पिढीचे फेकून दिले नाही.

या देवळाचे खरे धन भिंतींवर आहे. तेराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत त्या भिंती पुनःपुन्हा रंगविल्या गेल्या. आधी चित्रे होती. पुढे सोळाव्या शतकात इंग्लंडच्या राजसत्तेने रोमच्या पोपशी संबंध तोडले आणि १५४७ नंतर मूर्ती व चित्रे देवळांतून काढण्याचे हुकूम निघाले. गावोगावच्या भिंतींवर चुना फिरविण्यात आला. त्या पांढऱ्या भिंतींवर चित्रांच्या जागी बायबलमधील वचने मोठ्या अक्षरांत लिहिली गेली. पुढच्या पिढीने त्यावर पुन्हा चुना दिला आणि नवी वचने लिहिली. इंगलशॅममध्ये काही ठिकाणी असे सात थर एकावर एक आहेत. कोठे देवदूताच्या अंगावर अक्षरे उमटलेली दिसतात, कोठे अक्षरांतून जुनी नक्षी डोकावते. यात एक विलक्षण गोष्ट आहे. चित्रे नाहीशी करण्यासाठी लावलेल्या चुन्यानेच ती जपली. चुन्याचा थर भिंतीला श्वास घेऊ देतो. आतली ओल त्यातून बाहेर पडते आणि खालचा रंग शाबूत राहू शकतो.

ही सात थरांची भिंत एकोणिसाव्या शतकात थोडक्यात बचावली. तो काळ धर्मश्रद्धेचा आणि मोठ्या दानांचाही होता. १८४० ते १८७५ या पस्तीस वर्षांत इंग्लंड व वेल्समधील सात हजारांवर देवळांचा जीर्णोद्धार, विस्तार किंवा पुनर्बांधणी झाली. त्यामागे कोणाचाही वाईट हेतू नव्हता. पुष्कळ इमारती खरोखरच मोडकळीस आल्या होत्या. परंतु त्या वेळच्या नामांकित वास्तुशिल्पज्ञांच्या मनात एक कल्पना घट्ट बसली होती. ती अशी की, देवळाची एक शुद्ध, मूळ शैली असते आणि नंतरची सर्व भर ही अशुद्धी होय. मग त्या कल्पनेतील मूळ रूप परत आणण्यासाठी नंतरच्या खिडक्या काढून 'मूळ' शैलीच्या नव्या खिडक्या बसविल्या गेल्या. जुनी बाके जळणात गेली. भिंतींचा गिलावा खरवडून आतला ओबडधोबड दगड उघडा केला गेला, कारण उघडा दगड प्राचीन दिसतो असा समज होता. वस्तुतः ज्यांनी त्या भिंती बांधल्या, त्यांनी त्या गिलावा करून रंगविण्यासाठीच बांधल्या होत्या. त्या खरवडलेल्या गिलाव्याबरोबर किती गावांची किती शतकांची चित्रे गेली, याची मोजदाद होणे शक्य नाही.

याविरुद्ध उभा राहिलेला माणूस म्हणजे विल्यम मॉरिस. इ. स. १८३४ ते १८९६ हा त्याचा काळ. तो कवी होता, विणकर होता, रंगारी होता आणि पुढे मुद्रकही झाला. कापडावरचे व भिंतीच्या कागदावरचे त्याचे नक्षीचे नमुने आजही जगभर विकले जातात. १८७१ पासून थेम्सकाठच्या केल्मस्कॉट गावी त्याने एक जुने घर भाड्याने घेतले होते. इंगलशॅम तेथून काही मैलांवरच. १८७६ मध्ये जवळच्या बर्फर्ड गावातील देवळाचे काम त्याने पाहिले आणि तो अस्वस्थ झाला. ते काम जॉर्ज एडमंड स्ट्रीट यांचे होते. तरुणपणी मॉरिसने काही महिने याच स्ट्रीट यांच्या कचेरीत उमेदवारी केली होती. पुढच्या वर्षी ट्यूक्सबरीच्या प्राचीन देवळाचे काम सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्याकडे जाणार असे कळताच त्याने वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिले आणि मार्च १८७७ मध्ये, फिलिप वेब आदी मित्रांसह, प्राचीन वास्तूंच्या संरक्षणासाठी एक संस्था स्थापन केली. भिंती खरवडण्यास तिचा विरोध, म्हणून लोक तिला गमतीने 'खरवड-विरोधी मंडळ' म्हणत. ती संस्था आजही कार्यरत आहे.

संस्थेचे म्हणणे थोडक्यात असे होते. जुनी वास्तू एका काळाची नसते, ती सर्व काळांची असते. तिचे काल्पनिक मूळ रूप शोधीत बसू नका. आहे ते टिकवा. छप्पर गळत असेल तर ते दुरुस्त करा, भिंत कलली असेल तर तिला आधार द्या, आणि जो आधार द्याल तो आधार म्हणूनच दिसू द्या. नवे काम जुन्याचा वेष घेऊन उभे करू नका. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रोजची निगा राखा, म्हणजे मोठ्या दुरुस्तीची वेळच येणार नाही.

हे बोलणे मॉरिसला फुकट पडले नाही. त्याच्या कारखान्यात देवळांसाठी रंगीत काचेच्या खिडक्या बनत आणि तो मोठ्या मिळकतीचा धंदा होता. १८७७ नंतर जुन्या देवळांत नव्या खिडक्या बसविण्याची कामे घ्यावयाची नाहीत, असे त्याच्या कारखान्याने ठरविले. आपले मत मांडताना स्वतःच्या पोटाला चिमटा घेणारी माणसे थोडीच असतात. म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

इंगलशॅमच्या देवळाचे काम १८८८ व १८८९ या दोन वर्षांत झाले. ते वास्तुशिल्पज्ञ मिकलथ्वेट यांच्या हातून झाले आणि त्यामागे मॉरिसची धडपड व मदत होती. काम झाल्यावर देऊळ नवे दिसू लागले नाही, हेच त्या कामाचे यश. बंदिस्त बाके जागच्या जागी राहिली. प्रवचनाचे आसन राहिले. लाकडी जाळ्या राहिल्या. भिंतींचा गिलावा कोणी खरवडला नाही, त्यामुळे सातही थर राहिले. आत गेलेल्या माणसाला काय दुरुस्त केले ते सहसा कळत नाही. मॉरिसचे या देवळावर प्रेम होते आणि त्याच्या खटपटीने हे काम झाले, एवढी नोंद करणारी एक छोटी पाटी आत आहे. बाकी कोठे त्याचे नाव नाही.

हा विचार हिंदुस्थानातही आला. १९०२ ते १९२८ या काळात पुरातत्त्व खात्याचे प्रमुख असलेल्या सर जॉन मार्शल यांनी १९२३ मध्ये जुन्या वास्तूंच्या जतनाची एक नियमपुस्तिका प्रसिद्ध केली. पडलेले नव्याने घडविण्यापेक्षा उरलेले वाचविणे महत्त्वाचे, हे तिचे सूत्र मॉरिसच्या विचारांशी मिळतेजुळते आहे. परंतु मार्शल यांना येथील एक गोष्ट दिसली होती. ज्या मंदिरात वा मशिदीत अजून पूजा-प्रार्थना चालते, तेथे उजाड वास्तूपेक्षा काही अधिक दुरुस्ती करावी लागते, हे त्यांनी मान्य केले. पुढे २००४ मध्ये इंटॅक या राष्ट्रीय संस्थेने सरकारी संरक्षण नसलेल्या जुन्या वास्तूंसाठी एक सनद तयार केली. परंपरेने काम करणारे कारागीर आपल्या पद्धतीने जीर्णोद्धार करीत आले आहेत, त्या ज्ञानालाही वारशाचेच मोल आहे, असे त्या सनदेने मानले. दगडाइतकाच पाथरवटाचा हातही जपला पाहिजे, असा याचा अर्थ.

या दुसऱ्या बाजूचे महत्त्व इंगलशॅमच्या पुढच्या कथेवरून कळते. त्या देवळाभोवतीचे जुने गाव कधीच विरून गेले होते. आज तेथे मोजकी घरे आहेत. उपासनेला येणारी माणसे कमी होत गेली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे देऊळ नित्य उपासनेतून बंद झाले. इंग्लंडमध्ये अशा देवळांसाठी १९६९ मध्ये एक निधी स्थापन झाला. त्याचेच आजचे रूप असलेला चर्च-संरक्षण न्यास तीनशे पन्नासहून अधिक देवळे सांभाळतो. इंगलशॅम त्यांपैकी एक. कायद्याने त्याला पहिल्या श्रेणीची वास्तू मानले आहे. कुशल माणसे तेथील भिंतींची काळजी घेतात आणि लांबून लोक पाहावयास येतात. दगड वाचले, चित्रे वाचली, पण मेंढरू सांभाळणारे गाव उरले नाही. वर्षातून एकदा देणगीदारांची नावे वाचावयाची म्हटली, तर ऐकावयास कोण येणार?

या गावाचे भाग्य असे की येथे दोन्ही गोष्टी अजून शिल्लक आहेत. काकड आरतीला माणसे येतात, सप्ताह होतो, पालखी निघते, आणि जुना दगडी गाभाराही उभा आहे. माणसे टिकवून वास्तू घालवावी, किंवा वास्तू टिकवून माणसे दूर ठेवावीत, अशी निवड करण्याची वेळ येथे आलेली नाही. सभामंडप लहान पडत होता, बायामाणसांना पावसात बाहेर उभे राहावे लागत होते. तो मोठा करणे योग्यच झाले. मंदिर राहते असावे म्हणूनच जीर्णोद्धार करावयाचा असतो.

तथापि काही निर्णय अजून व्हावयाचे आहेत, आणि इंगलशॅमच्या उदाहरणाचा उपयोग तेथेच आहे.

गाभाऱ्याच्या दगडी भिंतीला आतून सिमेंटचा गिलावा करून फरशा बसवाव्यात, अशी एक सूचना आहे. जुन्या भिंतींच्या सांध्यांत चुना आहे. चुना ओल सोडतो, सिमेंट ती कोंडून ठेवते. कोंडलेली ओल दुसरीकडून वाट काढते, क्षार बाहेर येतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. इंग्लंडमधील जुन्या देवळांना गेल्या शतकात लावलेले सिमेंट आज तेथील लोक मोठा खर्च करून काढीत आहेत. सांधे भरावयाचे असतील तर चुन्यानेच भरावेत. चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधावा लागेल आणि त्याला वेळ द्यावा लागेल.

कोरीव दगडावर ऑईलपेंट देण्याचीही सूचना आहे. रंग पहिल्या वर्षी झगझगीत दिसतो. नंतर त्याची साले निघतात, नक्षीच्या खाचा बुजतात, आणि तो काढताना टाकी-हातोडा किंवा वाळूचा मारा वापरला तर रंगाबरोबर नक्षीही जाते. दगड पाण्याने व मऊ कुंच्याने स्वच्छ ठेवला, एवढे पुरेसे आहे.

तिसरी गोष्ट अगदी साधी आहे. छपराच्या पन्हाळी पावसाळ्यापूर्वी साफ करणे आणि शिखरावर उगवलेले पिंपळाचे रोप बोटभर असतानाच काढणे. मॉरिसची संस्था दर नोव्हेंबरात वास्तूंच्या देखभालीचा एक आठवडा पाळत आली आहे आणि त्यात पन्हाळी साफ करण्याला मानाचे स्थान आहे. या कामाला देणगी मिळत नाही, कारण त्यावर कोणाच्या नावाची फरशी बसविता येत नाही. म्हणून जमलेल्या निधीतील काही रक्कम बँकेत कायम ठेव म्हणून ठेवावी आणि तिच्या व्याजातून दरवर्षी ही निगा राखली जावी, हा विचार समितीने अवश्य करावा. तसेच काम सुरू असतानाची छायाचित्रे, कोणता दगड कोठून काढला व कोठे बसविला याची नोंद, आणि सर्व हिशेब एका वहीत असावेत. मोरबाथच्या धर्मगुरूंनी वही लिहिली म्हणूनच पाचशे वर्षांपूर्वीचे ते गाव आज डोळ्यांसमोर उभे राहते.

शेवटचा प्रश्न जुन्या सभामंडपाच्या लाकडी खांबांचा. मंदिरामागे ताडपत्रीखाली ते रचून ठेवलेले आहेत. त्यांतील दोन खाली वाळवीने पोखरले आहेत, बाकीचे शाबूत आहेत. ते विकले तर चांगली किंमत येईल, असे काहींचे म्हणणे आहे आणि हिशेबाच्या दृष्टीने ते खोटे नाही. पण ते खांब ज्यांनी दिले त्यांची नावे कोणत्याही वहीत नाहीत. त्यांची खूण म्हणून एवढे खांबच उरले आहेत. नव्या मंडपाच्या भाराचे काम काँक्रीटने केलेच आहे. हे खांब गाभाऱ्यासमोरच्या जागेत, जेथे पूर्वी होते तेथेच, पुन्हा उभे करता येतील. वाळवी लागलेल्या दोन खांबांचा खराब भाग कापून खाली नवे लाकूड जोडता येईल, आणि तो जोड दिसला तरी हरकत नाही. पुढच्या पिढीला त्यावरून कळेल की येथे काय जुने होते आणि ते कोणी सावरले.

या कामी ज्यांनी पैसा दिला, ज्यांनी श्रमदान केले आणि ज्यांनी रोज उठून परांचीखाली पडलेला राडारोडा उचलला, त्या सर्वांची नावे दरवर्षी वर्धापनदिनी मोठ्याने वाचली जावीत, एवढी विनंती करून हे व्याख्यान येथे संपते.